६४ बाइटांची सही

आमच्या मधल्या नातवानें परवां दोन रात्री जागून काढल्या. त्याच्या प्रोग्रामनें एक्सएमएल संदेशावर केलेली सही त्याच्या यंत्रावर खरी ठरे, पलीकडे मात्र दरवेळीं खोटी!

प्रथम मला पाठभेदाचा संशय आला. गुणधर्मांचा क्रम पालटला, इतकेंच काय, अवतरणचिन्ह बदललें, तरी संदेशाचा हॅश निराळा येतो. म्हणून सहीपूर्वीं तो एका ठराविक रूपांत मांडावा लागतो. आमच्या वैदिकांस हें सांगावयास नको. डब्ल्यूथ्रीसी संस्थेनें एक्सएमएल-सहीची पद्धति २००२ सालीं घालून दिली, तींतही हें आहेच.

परंतु चिरंजीवांनीं तें केलेलें होतें. मेख पुढेंच होती. इलिप्टिक कर्व्हच्या किल्लीनें केलेली सही (लंबवर्तुळाशीं या वक्राचें नातें नांवापुरतेंच!) म्हणजे दोन संख्या. पी-२५६ वक्रावर प्रत्येकी ३२ बाइट. एक्सएमएलच्या नियमानें त्या, कमी पडल्यास डावीकडे शून्यें भरून, एकामागें एक लिहावयाच्या, एकूण ६४. जाव्हाची नेहमींची सही त्याच संख्या डीईआर नांवाच्या वेष्टणांत घालून बहुधा ७० ते ७२ बाइट देते. गणित अचूक, पण वेष्टण काढावयाचें राहिलें होतें.

मीं आणखी एक विचारिलें. प्रत्येक सहीस नवी गुप्त संख्या लागते. तीच पुन्हां वापरल्यास दोन सह्यांवरून खाजगी किल्ली काढतां येते. सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची किल्ली २०१० सालीं अशीच उघडी पडली.

“आजोबा, ती संख्या लायब्ररीच निवडते,” असें त्यानें मला दोनदां बजावलें.