आधी पिढी बदला, मग वेग वाढवा

बी३५० किंवा बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि त्यावर २०१७-१८ मधला रायझन, असा संगणक आजही अनेक घरांत चालू आहे. तो रखडू लागला की मालकाला दोन सल्ले मिळतात. पहिला हौशी मंडळींचा: मिळेल तो स्वस्त प्रोसेसर घ्या आणि ओव्हरक्लॉक करून ताणा, महागड्याचं काम तो फुकटात करील. दुसरा दुकानदाराचा: बोर्ड म्हातारा झाला, अख्खा सेट बदला. दोन्ही सल्ले छातीठोकपणे दिले जातात आणि या बोर्डांवरच्या एएम४ सॉकेटच्या बाबतीत दोन्ही चुकीचे आहेत.

पहिल्या सल्ल्यामागे इतिहास आहे, हे आधी मान्य करू. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए १४९ डॉलरला आला. बोर्डावर बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० मेगाहर्ट्झचा हा प्रोसेसर ४५० वर पळे आणि ६६९ डॉलरच्या पेन्टियम टू ४५० च्या तोडीस तोड उभा राही. ही दंतकथा नाही. पण हे जमलं कशामुळे? चिपची कुवत मुळातच मोठी होती. स्वस्त मालाने महाग मालाचा धंदा खाऊ नये म्हणून कंपनीने तिला खालच्या वेगावर विकलं. जी कुवत शिल्लक ठेवली होती, ती गिऱ्हाइकाने वसूल केली.

आज ती शिल्लक कंपनी स्वतःच वापरून टाकते. रायझन ५ ५६०० चा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, तापमान आणि वीज यांचा अंदाज घेत तो आपणहून ४.४ पर्यंत चढतो. खटपट करून ४.६ गाठले, तरी वाढ पाच टक्क्यांच्या आतच. आणि तीही फुकट नाही. विजेचा खप वेगाच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग दहा टक्के आणि त्यासाठी व्होल्टेजही दहा टक्के वाढवलं, तर उष्णता सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते. हा बोजा बोर्डाच्या व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर पडतो. स्वस्त बी३५० बोर्डांवर या भागाला अनेकदा हीटसिंकही नसतो. तो अति तापला की प्रोसेसरचा वेग उतरतो. मग जे कमावलं असं वाटत होतं, ते हिशेबात उरत नाही.

‘मिळेल तो स्वस्त प्रोसेसर’ हा भागही तपासू. २०१४ साली इंटेलने पेन्टियम जी३२५८ आणला: ७२ डॉलर, मल्टिप्लायर खुला, ओव्हरक्लॉकिंगला अगदी उदार. पण कोअर दोन आणि थ्रेडही दोनच. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेला ‘फार क्राय ४’ त्यावर मुळात सुरूच होईना. असलेल्या कोअरचा वेग वाढवता येतो. नसलेला कोअर बायोसमध्ये जाऊन तयार करता येत नाही.

आणखी भक्कम पुरावा एएम४च्याच घरात आहे. गेमसाठी या सॉकेटवरचा सर्वांत वेगवान प्रोसेसर म्हणून नाव मिळवलं ते २०२२ च्या रायझन ७ ५८००एक्स३डी ने. त्याचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे साध्या ५८००एक्सपेक्षा कमी. मल्टिप्लायर तर कुलूपबंद. तरीही बहुतेक गेममध्ये तो पुढे, कारण त्याच्यावर ९६ एमबीची एल३ कॅश आहे. नुसत्या मेगाहर्ट्झवर काम ठरत असतं, तर हे घडलंच नसतं.

आता दुकानदाराचा सल्ला. ‘जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चालत नाही’ असं मे २०२० मध्ये खुद्द एएमडीनेही सांगितलं होतं. झेन ३ पिढीसाठी ५०० मालिकेचेच बोर्ड लागतील. जुन्या बोर्डांवरच्या बायोस चिपमध्ये इतक्या प्रोसेसरांची माहिती मावत नाही, हे कारण. गिऱ्हाइकं खवळली आणि त्याच महिन्यात कंपनीने ४०० मालिकेपुरती माघार घेतली. २०२२ मध्ये ३०० मालिकेलाही दार उघडलं. शिवाय पुढच्या एएम५ सॉकेटवर डीडीआर५ रॅमच लागते. म्हणजे अख्खा सेट बदलणं हा प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम असा तिहेरी खर्च, आणि तोही चालू स्थितीतली डीडीआर४ बाजूला काढून.

मग घ्यावं काय? मर्यादित पैशांत माझं मत स्पष्टपणे रायझन ५ ५६०० ला आहे. सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी कॅश आणि ६५ वॉटचा टीडीपी, त्यामुळे साधा बोर्डही त्याला सांभाळतो. २०१७ चा रायझन ५ १६०० कितीही ताणला तरी साधारण ४ गिगाहर्ट्झच्या आसपास दम टाकतो. उलट ५६०० हा झेन ३ पिढीचा; १६०० च्या पहिल्या झेननंतर दर क्लॉकमागच्या कामात झेन २ ने पंधरा आणि झेन ३ ने एकोणीस टक्के भर घातली, असं एएमडी सांगते. दोन्हींचा गुणाकार छत्तीस टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे हात न लावलेला ५६०० हा ताणलेल्या १६०० च्या पुढेच राहणार. थोडे पैसे वाचवायला ५५०० घेऊ नये. त्याची कॅश निम्मी, १६ एमबी आहे. व्हिडिओ संपादनासारखं काम रोजचं असेल, तर आठ कोअरचा ५७००एक्स घ्यावा. त्याचाही टीडीपी ६५ वॉटच.

क्रमही महत्त्वाचा. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत हा प्रोसेसर आहे का ते पाहा आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करा. जुना कूलर काढण्याआधी संगणक थोडा वेळ चालवून गरम करा आणि कूलर हलकेच फिरवत उचला. नाहीतर वाळलेल्या थर्मल पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

ओव्हरक्लॉकिंगची हौस फेडायला मग मोकळीक आहे, पण रोख बदलून. बायोसमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझर असेल, तर प्रत्येक कोअरचं व्होल्टेज थोडं थोडं उतरवत जा. उष्णता घटते आणि त्या जागेत प्रोसेसर स्वतःच अधिक वेळ वरच्या वेगावर टिकतो. रॅम झेपत असेल तर ३६०० पर्यंत न्या, म्हणजे प्रोसेसरच्या भागांना जोडणारी आतली फॅब्रिक १८०० वर तिच्या बरोबरीने चालते. प्रत्येक बदलानंतर स्थिरतेची लांब चाचणी घ्या, कारण व्होल्टेज जास्त उतरलं तर संगणक भाराखालीच नव्हे, रिकामा असतानाही कोसळतो.

याला दोन अपवाद. ग्राफिक्स कार्डच अपुरं असेल, तर प्रोसेसर बदलून गेमचे फ्रेम फारसे वाढणार नाहीत. पैसे आधी तिकडे लावावेत. आणि बोर्डासाठी नवा बायोस निघालाच नसेल, तर दुकानदार बरोबर ठरतो. बाकी सर्वांनी प्रोसेसर निवडताना तो किती ताणता येईल हे शेवटी विचारावं; न ताणता तो किती काम करतो, हा प्रश्न आधी.