मुखपृष्ठाचा देखावा

पुस्तक हातीं आलें कीं आपली नजर प्रथम जाते ती मुखपृष्ठावर. परंतु त्या वीतभर चित्रापायीं एखाद्या नांदत्या घराची काय दशा होते, याची कल्पना मला गेल्या महिन्यापर्यंत नव्हती. आमच्या धाकट्या भावोजींची मुलगी छायाचित्रणाचा व्यवसाय करते. तिला एका कादंबरीच्या मुखपृष्ठाचें काम मिळालें. कथानक १८९० च्या सुमाराचें, नायिका बालविधवा. त्यासाठीं जुन्या घराचें माजघर हवें होतें. आमचें अजून शिल्लक आहे. म्हणून एका रविवारीं सकाळीं सारा लवाजमा आमच्याच दारांत येऊन थडकला.

“काकू, तुम्ही फक्त हा पांढरा पुठ्ठा धरून उभ्या राहा,” असें मला सांगण्यांत आलें. त्या ‘फक्त’चा अर्थ, स्टुलावर तासभर हात वर करून उभें राहणें असा निघाला. खिडकींतला उजेड एका बाजूनें येतो. तो पुठ्ठ्यावरून उलटून नायिकेच्या तोंडावर पडला पाहिजे. पुठ्ठा दोन बोटें खालीं आला कीं तिच्या हनुवटीखालीं सावली पडे आणि मला बोलणीं बसत. चित्राचा वरचा तिसरा हिस्सा अगदीं मोकळा ठेवायचा, कारण तेथें पुस्तकाचें नांव यायचें. म्हणून भिंतीवरचें घड्याळ, दिनदर्शिका, देवांच्या तसबिरी, सारें उतरलें. तीन डझन कांचेच्या बांगड्या मुद्दाम फोडून जमिनीवर पसरल्या. कुंकू उधळलें. शेजारीं तांदुळांनीं भरलेलें सूप कलतें करून ठेवलें. गूढता यावी म्हणून शेगडींत धूप आणि ऊद इतका घातला कीं भावोजी खोकत खोकत अंगणांत पळाले, व शेजारच्यांनीं आग लागली काय म्हणून विचारलें.

हा खटाटोप नवा नव्हे. कलकत्त्यांत १८१५ सालीं जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंनीं १८७४ च्या सुमारास टेनिसनच्या काव्यासाठीं अशींच नाट्यमय छायाचित्रें काढलीं. पडद्यांचे पोशाख आणि मलमलीचें पाणी करून घरच्या मंडळींनाच त्यांनीं राजे-राण्या बनविलें. त्यांचे वयोवृद्ध यजमान मर्लिन जादूगार होऊन बसत, आणि ऐन वेळीं त्यांना हंसूं फुटे. बारा मनाजोगीं चित्रें मिळण्यासाठीं बाईंनीं दोनशें पंचेचाळीस कांचा खर्ची घातल्या. आणि पुस्तकांत तीं छापलीं गेलीं लहानशा लांकडी ठशांवरून! तेव्हां बाईंनीं चिडून स्वतःच मोठ्या आकाराचा संग्रह प्रसिद्ध केला. भावोजींना मीं ही हकीकत सांगितली. परंतु त्यांचा खोकला कांहीं थांबला नाहीं.

खरी अडचण मात्र निराळीच होती. नायिकेसाठीं ठरविलेल्या मुलीला आदल्या रात्रीं ताप भरला. सारीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं, तोंच आमची सून म्हणाली, “मी बसतें.” सुवासिनीनें आलवण नेसायचें! खोटें कशाला सांगूं, माझ्या पोटांत चर्र झालें. मी शिकलेली, शारदासदन, अनाथ बालिकाश्रम यांचे इतिहास वाचलेली. तरीही तिनें मंगळसूत्र काढून माझ्या हातीं दिलें, तेव्हां मीं तें मुकाट्यानें पदराच्या टोकांत गांठ मारून ठेवलें, आणि सासूबाई निजल्या आहेत ना, हें दोनदां जाऊन पाहिलें.

त्या निजल्या नव्हत्या. धुराच्या वासानें उठून, भिंतीला धरीत धरीत, त्या दारांत येऊन उभ्या राहिल्या. त्यांचें वय आतां एकोणनव्वद. सून तांबड्या वस्त्रांत, मस्तकावरून पदर घेऊन बांगड्यांच्या ढिगाशीं बसलेली. कोणीच बोलेना. मीं पुठ्ठा खालीं केला. आतां काय ऐकावें लागतें, या भीतीनें माझे हात कांपत होते.

“आलवणाला काठ नसतो,” त्या म्हणाल्या, “तें आधीं बदला.”

मग त्यांनीं पाट मागविला व त्या बसल्या. “बांगड्या फुटल्या त्या दिवशीं फुटल्या. पुढें पन्नास वर्षें रोज काय केलें, तें काढा कीं.”

त्यांच्या माहेरीं त्यांच्या आत्याबाई होत्या, हें मला ठाऊक होतें. याहून अधिक कांहीं त्या कधीं बोलल्या नव्हत्या. आत्याबाई नवव्या वर्षीं विधवा झाल्या. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही हरिभाऊंची कादंबरी ‘करमणूक’ पत्रांतून येऊं लागली ती १८९० सालीं. कर्व्यांनीं गोदूबाईंशीं विवाह केला तो १८९३ सालीं. त्यानंतर कितीतरी वर्षांनीं आत्याबाईंचें केशवपन झालें. सुधारणा ग्रंथांत येते एका तारखेला आणि माजघरांत पोंचते भलत्याच तारखेला. १९४३ सालीं त्या घरीं छायाचित्रकार आला. सासूबाई तेव्हां सात वर्षांच्या. आत्याबाईंनीं नऊ मुलांच्या वेण्याफण्या केल्या, सर्वांना काजळ-तीट लावली, तान्ह्याला पाजून आईच्या मांडीवर दिलें, आणि मग त्या दाराआड जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी जा म्हटलें नाहीं, आणि ये असेंही म्हटलें नाहीं. ती तसबीर सासूबाईंच्या पेटींत आहे. मीं ती शेकडों वेळां पाहिली आहे. माणसें मोजण्याचेंच तेवढें मला कधीं सुचलें नव्हतें.

“हाताला सदा काम. तांदूळ निवडीत बसत. डोळे सुपांत, पण घरांत कोण आलें गेलें, सारें ठाऊक असे.”

पुतणीनें शेगडी बाहेर नेऊन ठेवली. कांचा गोळा केल्या. मुलें धांवत जाऊन बिनकाठाचें जुनें सुती धोतर शोधून घेऊन आलीं, तें घाईघाईनें तांबड्या रंगांत बुडविलें. त्या नादांत न्हाणीघराची फरशी जी रंगली ती अजून निघालेली नाहीं. पदर कपाळावर किती ओढायचा, तें सासूबाईंनीं स्वतः सुनेला दाखविलें. मग ती सूप मांडीशीं घेऊन बसली. मीं पुन्हां पुठ्ठा धरिला. या खेपेस मला कोणी ओरडलें नाहीं.

काम आटोपल्यावर सासूबाई मला म्हणाल्या, “पदराला काय बांधलें आहेस, तें तिला दे आतां.” म्हणजे तेंही त्यांनीं पाहिलेंच होतें.

दोन्ही तऱ्हेचीं चित्रें प्रकाशकांकडे गेलीं. त्यांना धूर-बांगड्यांचें पसंत पडलें. दुकानांत तें लांबून डोळ्यांत भरतें म्हणे. पुतणी आठ दिवस भांडली, तेव्हां तांदुळांचें चित्र आंतल्या पानावर घेण्याचें त्यांनीं कबूल केलें. माझ्या मतें ही अदलाबदल उलटी व्हायला हवी होती. पण पुस्तकें त्यांना विकायचीं आहेत, मला नव्हे.

त्या चित्राची एक प्रत सासूबाईंनीं मागून घेतली. तीं दोन्ही आतां पेटींत एकावर एक ठेवलेलीं आहेत. सुनेचा चेहरा आत्याबाईंसारखा आहे काय, असें मीं विचारलें. “चेहरा कुठला,” त्या म्हणाल्या, “बोटें थोडीशीं.”

सुपांतले तांदूळ मात्र कांचेचे कण गेल्यामुळें टाकून द्यावे लागले. चांगला दोन किलो आंबेमोहोर होता. त्यावरून त्या पुतणीला अजून बोलतात.