फॉर्म ‘बी’ मागितला का? नवी मुंबईच्या रुग्णालयांना विचारायचे प्रश्न

9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली आणि 10 बाळांचा जीव गेला. सरकारने लगेच राज्यभरातल्या रुग्णालयांच्या तपासणीचे आदेश दिले. त्यानंतर मार्चमध्ये भांडुप, एप्रिलमध्ये विरार आणि मुंब्रा, नोव्हेंबरमध्ये अहमदनगरचे जिल्हा रुग्णालय. आदेश निघाल्यावर त्याच वर्षात या चारही ठिकाणी आगीत रुग्ण दगावले. बहुतेक आगी रात्रीच्या किंवा अतिदक्षता विभागातल्या. खिडक्या बंद, एसी चालू, पेशंट नळ्यांनी जखडलेला. अशा वेळी वॉर्डात किती माणसे हजर होती, हे तपासणीच्या कागदावर येतच नाही.

नवी मुंबईच्या परिसराची परीक्षा वेगळ्या तऱ्हेने झाली. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर सरकारी पुरस्कार सोहळा झाला आणि उष्माघाताने 14 जण दगावले. कामोठ्याच्या एमजीएमसह आसपासच्या रुग्णालयांत एकाच दिवशी रुग्णांची रीघ लागली. हा काही अचानक आलेला भूकंप नव्हता. तारीख, जागा, गर्दीचा अंदाज सगळे आधी ठाऊक होते.

त्यात कारभाराची वाटणीही अशी की दिघा ते बेलापूर नवी मुंबई महापालिका, खारघर-कामोठे पनवेल महापालिका, आणि एमआयडीसीचे अग्निशमन दल वेगळेच. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत. उद्या तिथे वायुगळती झाली तर बाधित कामगार वाशी, ऐरोली, नेरूळच्या पालिका रुग्णालयांतच येणार, कारण खाजगी रुग्णालयाची अनामत रक्कम त्याच्या खिशात नसते. त्यांना दाराबाहेर धुऊन, कपडे बदलून आत घेण्याची सोय आहे का? की तेच कपडे घेऊन सगळे कॅज्युअल्टीत?

जागतिक आरोग्य संघटनेच्या रुग्णालय सुरक्षा निर्देशांकात 151 बाबी तपासतात: इमारत, वीज-ऑक्सिजनसारख्या यंत्रणा आणि माणसांची तयारी. आपल्याकडे गाडी सिलिंडरवरच्या तारखेपाशी अडते.

2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा वापरकर्त्याने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू असल्याचे फॉर्म ‘बी’ प्रमाणपत्र द्यायचे असते. ते देते परवानाधारक एजन्सी, आणि तिचे पैसे भरते ज्याची तपासणी तोच. मेख इथेच आहे. तरीही हा कागद हातात असणे महत्त्वाचे, कारण तो नसेल तर प्रश्न तिथेच मिटला.

14 एप्रिलला आपले तरुण रक्तदान शिबिरे घेतात, रुग्णालयात येणे-जाणे असतेच. तेव्हा जिन्याचे दार कुलूपबंद आहे का, व्हरांड्यात खाटा आणि भंगार आहे का, एवढे डोळ्यांनी पाहता येते. बाकीचे माहिती अधिकारात मागा: गेल्या दोन वर्षांचे फॉर्म ‘बी’, रात्रपाळीत घेतलेल्या मॉकड्रिलच्या तारखा, अतिदक्षता विभागातून रुग्ण हलवण्याचा लेखी आराखडा. पालिका रुग्णालयासाठी अर्ज थेट आरोग्य विभागाकडे, खाजगीसाठी अग्निशमन विभागाकडे. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज दोन्ही महापालिकांकडे एकाच दिवशी टाका, म्हणजे ‘ही हद्द आमची नाही’ हे उत्तर चालणार नाही.