पिचरने जीव तोडून धावावे काय?

१५ जून २००८ रोजी ह्यूस्टन येथील सामन्यात न्यूयॉर्क यांकीजचा पिचर चिएन-मिंग वांग धाव घेताना जायबंदी झाला. उजव्या पायाच्या त्या दुखापतीने त्याचा मोसम तेथेच संपला. २००६ व २००७ मध्ये प्रत्येकी १९ विजय मिळविणाऱ्या वांगला पुढे ती लय कधीच गवसली नाही. एका धावेची ही किंमत संघाला परवडणारी होती काय?

एक पक्ष म्हणतो, धाव ती धावच. पिचर रमतगमत धावला तर प्रतिस्पर्ध्याला आयता बळी मिळतो. दुसऱ्या पक्षाच्या मते पिचरच्या फेकीचे बळ पायांतून येते. ते पणाला लावणे हा अव्यवहार आहे. मुळात दोष जोमाचा नसून सरावाच्या अभावाचा होता. अमेरिकन लीगने १९७३ पासूनच पिचरऐवजी खास फलंदाज नेमण्याची मुभा दिली होती. त्यामुळे वांगसारख्यांवर धावण्याची वेळ क्वचितच येई.

२०२२ मध्ये नॅशनल लीगनेही हाच नियम स्वीकारल्याने वाद जवळपास मिटला. अपवाद उरला तो शोहेई ओतानीचा. २०२४ मध्ये कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे पिचिंग बंद असताना त्याने ५९ बेस चोरले. मात्र त्याच वर्षीच्या वर्ल्ड सीरिजमध्ये बेस चोरतानाच त्याचा डावा खांदा निखळला. २०२५ मध्ये तो पुन्हा पिचिंग करू लागला आणि चोरलेल्या बेसची संख्या २० वर आली. जोम हवाच, पण तो कोठे खर्चावा, याचा विवेक त्याहून महत्त्वाचा, हेच या आकड्यांचे सार आहे.