एका दाताची साक्ष

‘विज्ञान हेही अखेर एक कथनच’ हे वाक्य साहित्याच्या वर्गांतून इतके गुळगुळीत झाले आहे, की त्याला पुरावा मागण्याचे कष्टही कोणी घेत नाही. मागितलाच, तर ट्रूडॉनसारख्या प्राण्याकडे बोट दाखवता येते. दाखवावेच. उदाहरण उत्तम आहे. मात्र ते त्या वाक्याच्या विरुद्ध साक्ष देते.

१८५६ साली जोसेफ लीडी यांनी आजच्या मोंटाना राज्यात सापडलेल्या एका दातावरून या प्राण्याला नाव दिले. दात एकच, कडांना करवतीसारखे ठळक काकर. लीडींना तो सरड्याच्या कुळातला वाटला. १९२४ साली गिलमोर यांनी तो जाड कवटीच्या शाकाहारी डायनासोरांत घातला. १९८७ साली फिलिप करी यांनी त्याची सांगड कॅनडातल्या स्टेनोनिकोसॉरसशी घातली, आणि दातामागे मोठ्या मेंदूचा, चपळ, लहानखुरा शिकारी उभा राहिला. पुढे २०१७ साली करी यांनीच एका सहकाऱ्यासह स्टेनोनिकोसॉरस पुन्हा वेगळा काढला.

पाहा, किती वेळा गोष्ट बदलली! असे म्हणणाऱ्यांस आमचा प्रश्न एवढाच, की ती कोणी बदलली? अभिरुचीने नव्हे, सत्तेने नव्हे. नव्या जबड्यांनी आणि कवट्यांनी. आपलेच म्हणणे तीस वर्षांनी मागे घेणारा समीक्षक आम्हांस तरी फारसा भेटलेला नाही.

कथन कशाला म्हणतात, हे पाहायचे तर १९८२ सालचा ‘डायनासोरॉइड’ पाहावा. डेल रसेल आणि रॉन सेगाँ यांनी स्टेनोनिकोसॉरसचा वंश टिकला असता तर काय झाले असते, या कल्पनेतून एक पुतळा घडवला : ताठ उभा, बिनशेपटीचा, जवळजवळ माणूसच. अंगावर पीस नाही. कल्पनेला शेवटी आपलेच तोंड दिसले. (रसेल यांनी तो विचारप्रयोग म्हणूनच मांडला होता, हेही सांगितले पाहिजे.)

आज या प्राण्याला पिसे दाखवतात, तीही त्याच्या स्वतःच्या ठशांवरून नव्हे. चीनमधील जियानियानहुआलाँगसारख्या भावकीच्या पिसांच्या ठशांवरून. हे अनुमानच. परंतु त्याचा धागा कुठे बांधला आहे, ते बोट ठेवून दाखवता येते.

नामदेवांच्या गाथेत मिसळलेले विष्णुदास नाम्याचे अभंग निवडून काढणाऱ्या आमच्याच संशोधकांनी याहून निराळे काय केले? त्यांनाही ‘तुमचेही एक कथनच’ असे ऐकवण्याची कोणाची तयारी आहे?