नवीन कोच आणि त्याचा कागद

 

गेल्या आठवड्यात माझा नातू तणतणत घरात शिरला. त्याच्या लाडक्या टीमला नवीन कोच मिळालाय. दोनच मॅच झाल्या, दोन्ही हरले, आणि टीव्हीवर बसलेल्या चौघांनी त्या माणसाची सालं काढली. "सबा, त्याला अजून खेळाडूंची नावं पाठ झाली नसतील, आणि हे म्हणतात घरी पाठवा!" मी म्हटलं, बस इथे. चहा होईपर्यंत तुला अव्राम ग्रँटची गोष्ट सांगतो. तर साहेब विचारतात, "कोण अव्राम ग्रँट?"

घ्या! ज्याच्या मॅचसाठी आमच्या बिल्डिंगमधली माणसं एका खोलीत दाटीवाटीने बसली होती, तो या पोराला ठाऊकच नाही. त्याचा दोष नाही, तेव्हा तो जन्मला नव्हता. म्हणून जे त्याला सांगितलं तेच इथे लिहितो.

अव्राम ग्रँट पेताह तिकवाचा, जन्म १९५५चा. वडील पोलंडचे, आई इराकची, म्हणजे आपल्याकडे घरोघरी असतं तसंच मिश्र घर. मोठा खेळाडू म्हणून त्याचं नाव कधीच नव्हतं. अठराव्या वर्षीच हापोएल पेताह तिकवाच्या पोरांना शिकवायला लागला. पुढे मक्काबी तेल अवीव आणि मक्काबी हैफाला लीग जिंकून दिली. २००२ पासून २००६ च्या वर्ल्ड कपच्या पात्रता सामन्यांपर्यंत आपल्या राष्ट्रीय टीमचा कोच होता. त्या पात्रता सामन्यांत इस्रायल दहा मॅच खेळून एकही हरला नाही, फ्रान्सशीसुद्धा नाही! पण सहा मॅच बरोबरीत सुटल्या. स्वित्झर्लंडचे आणि आपले गुण सारखे झाले, गोलांच्या हिशेबात आपण मागे पडलो आणि राहिलो घरी. न हरता बाहेर जायचं, हे दुःख वेगळंच असतं.

नंतर तो इंग्लंडला गेला, आणि २००७ च्या उन्हाळ्यात लंडनच्या चेल्सी क्लबात फुटबॉलचा संचालक म्हणून रुजू झाला. तिथे कोच होता पोर्तुगालचा जोझे मोरिन्यो. दोन वेळा लीग जिंकलेला. पत्रकारांना पहिल्याच भेटीत त्याने आपण खास माणूस आहोत असं ऐकवलं होतं. तोंडाने फटकळ, रोज काहीतरी बोलणार आणि रोज मथळा देणार. पेपरवाल्यांना दुसरं काय हवं? त्याचं आणि मालकाचं बिनसलं, तो गेला, आणि २० सप्टेंबर २००७ ला त्याच्या खुर्चीवर आपला ग्रँट बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी योम किप्पूर लागला. योम किप्पूर सरला, आणि लगेच रविवारी पहिली मॅच, तीही मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर. हरले २-०.

मग काय विचारता! हा कोण? याला कोणी आणलं? मालकाचा दोस्त म्हणून बसवला का? मोठ्या खेळाडूंना हा काय शिकवणार? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न म्हणजे कागद कुठे आहे. युरोपमध्ये वरच्या दर्जाच्या कोचला 'प्रो लायसन्स' लागतं, ते ग्रँटकडे नव्हतं. तीस वर्षांहून जास्त अनुभव होता, पण लायसन्स नव्हतं.

इथे जरा माझं सांगू द्या. १९६९ साली मी इथे आलो तेव्हा मुंबईच्या कारखान्यातला फिटरचा दाखला नीट घडी करून खिशात होता. वर्कशॉपच्या फोरमनने तो उलटा-सुलटा पाहिला आणि विचारलं, इथला कागद कुठाय? तीन महिने मी फक्त फरशी झाडली. तेव्हा ग्रँटच्या लायसन्सची बातमी वाचून मी त्याच्या बाजूने झालो, हे कबूल करतो. माझं मत सोळा आणे निःपक्षपाती नाही.

पण खरं सांगायचं तर लायसन्सचा प्रश्न चुकीचा नव्हता. नियम होता, पत्रकारांनी विचारला. चूक पुढे झाली. ग्रँट जिंकला की म्हणायचे ही टीम मोरिन्योने बांधलेली, आणि हरला की म्हणायचे हा ग्रँटचा पराभव. २४ फेब्रुवारी २००८ ला लीग कपच्या फायनलमध्ये टॉटनहॅमकडून २-१ हरले, दोन आठवड्यांनी एफए कपमध्ये खालच्या डिव्हिजनच्या बार्न्सलीने बाहेर काढलं. मग तर रोजच झोड उठली. त्याच फेब्रुवारीत ज्यू म्हणून शिव्या आणि धमकी असलेलं टपालही क्लबात आलं होतं. ते काम पत्रकारांचं नव्हे, त्यांच्या माथी मारू नये. पण रोज सकाळी त्या माणसासमोर काय काय येत होतं, ते कळावं म्हणून सांगितलं.

ग्रँटही काही कमी नव्हता बरं का. मोरिन्यो म्हणजे झणझणीत रस्सा, त्यानंतर पत्रकारांच्या ताटात आला उकडलेला बटाटा. चेहरा पडलेला, आवाज खाली, इंग्रजी तोडकं. १७ एप्रिलला एव्हर्टनला त्यांच्या मैदानावर १-० हरवलं. जिंकलेला कोच मॅचनंतर खुशीत येतो. हा आला, आणि प्रत्येक प्रश्नाला एक-दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळा झाला. पत्रकार एकमेकांकडे बघत राहिले. मला ते तेव्हाही आवडलं नाही. राग आला असेल तर सरळ बोलावं, नाहीतर येऊच नये. समोर बसलेल्यांपैकी सगळेच काही वैरी नव्हते, कोणीतरी नुसतं आपलं काम करायला आलेलं असेल.

तेरा दिवसांनी मात्र त्याचं न बोलणं साऱ्या जगाने वेगळ्या नजरेने पाहिलं. ३० एप्रिलला चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल, लिव्हरपूलशी. आपल्याकडे त्याच संध्याकाळी योम हाशोआ लागला होता. ग्रँटच्या दंडाला काळी फीत होती. त्याचे वडील मेईर यांचं जवळजवळ सगळं कुटुंब युद्धात गेलेलं. तिकडे फ्रँक लँपार्डची आई नुकतीच वारली होती, तरी तो खेळला आणि पेनल्टीवर गोल केला. जादा वेळेत चेल्सी ३-२ जिंकली. क्लबच्या इतिहासातली पहिली चॅम्पियन्स लीग फायनल! लोक नाचत होते, आणि ग्रँट गवतावर गुडघे टेकून बसला. एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी तो पोलंडला, आउश्विट्झच्या मोर्चात चालत होता. आमच्या खोलीत त्या रात्री कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारच्या पोलंडच्या आजी उठून आपल्या घरी गेल्या.

पुढचं पटकन सांगतो. लीगमध्ये त्याच्या हाताखाली चेल्सी फक्त दोन मॅच हरली, तरी मँचेस्टरपेक्षा दोन गुण कमी पडले, ८७ आणि ८५. मग २१ मे, मॉस्को, धो धो पाऊस, पुन्हा मँचेस्टर. १-१. पेनल्टी. कप्तान जॉन टेरीने शेवटचा गोल केला की कप आपला. टेरी धावत आला, पाय घसरला, चेंडू खांबाला लागला. आमच्याकडे एका काकांच्या हातातली बशी पडली. शेवटी ६-५ हरलो. (बघा, 'हरलो' लिहिलं! लंडनच्या क्लबशी माझा काय संबंध?)

तीन दिवसांनी, २४ मे २००८ ला, ग्रँटला काढून टाकलं.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. २०२२ साली टीव्हीवर काही स्त्रियांनी ग्रँटवर गैरवर्तनाचे आरोप केले. तेव्हा त्याला प्रश्न विचारणारे पत्रकार योग्य तेच करत होते, आणि त्यात '२००८ मध्ये बिचाऱ्याला किती छळलं' हे आणून चालणार नाही. हेही मी नातवाला सांगितलं. बारा वर्षांचा आहे, समजतं त्याला.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सबा, टेरीचा पाय घसरला नसता तर पेपरात काय आलं असतं?"

मी म्हटलं, "की टीम मोरिन्योची होती."

पोरगं इतकं हसलं की चहा सांडला. शनिवारी त्याच्या टीमची तिसरी मॅच आहे. टीव्हीवरच्या चौघांपैकी नवीन कोचचं नाव नीट कोण उच्चारतो, ते तो वहीत लिहून ठेवणार आहे म्हणे.