मुलाच्या चष्म्याचा नंबर सारखा बदलतो?

परभणीच्या उन्हाळ्यात धूळ उडते, डोळे खाजतात आणि मुले ते चोळत बसतात. सतत चोळल्याने बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो. हा केराटोकोनस. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा नंबर दर काही महिन्यांनी वाढत असेल, तर नुसता चष्मा बदलू नका; कॉर्नियाची टोपोग्राफी करून घ्या, असा आमचा आग्रह आहे.

आजार वाढत असेल तर ब-2 जीवनसत्त्वाचे थेंब टाकून अतिनील किरणांनी पडदा घट्ट करतात. त्याने आजार बहुधा थांबतो, पण गेलेली नजर पूर्ण परत येत नाही. म्हणून उशीर नको. काहींना पडद्यात अर्धगोल कडी बसवतात. पडदा फारच पातळ झाला किंवा त्यावर डाग पडला, तर मृताच्या डोळ्यातील कॉर्नियाचे रोपण करतात.

हे जायज आहे का? जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1988 मध्ये, मृताची किंवा वारसांची परवानगी असल्यास, असे रोपण जायज ठरवले. काही आलिमांचे मत वेगळे आहे. आपल्या आलिमांना जरूर विचारा. मात्र मुलाची तपासणी त्यासाठी अडवू नका. वेळेत उपचार झाले तर, इन्शाअल्लाह, बहुतेकांवर रोपणाची वेळच येत नाही.